अंगठा लावण्याआधी मशीनकडे बघा

सख्यांनो, गट सुरू झाला तेव्हा आपण सगळ्यात आधी काय शिकलो? सही. ठराव पुस्तकात अंगठा चालणार नाही, सही करा, असं आपणच एकमेकींना बजावलं. माझ्या सासूबाईंनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पाटीवर नाव गिरवलं आणि गटाच्या वहीत पहिली सही केली त्या दिवशी घरी येऊन तीन जणांना सांगितली. अंगठा म्हणजे सावकाराचा कागद, अंगठा म्हणजे काय लिहिलंय ते न कळता दिलेली कबुली, हे त्या पिढीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि आता बघा. रेशनला अंगठा, सिमकार्डाला अंगठा, पेन्शनच्या हयातीला अंगठा, केवायसीला अंगठा, खात्यातून पैसे काढायलाही अंगठा. शाई नाही, कागद नाही, एक लाल दिवा लागतो आणि काम होतं. मी या मशीनच्या विरोधात नाही. तालुक्याच्या बँकेत जायला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जात होतं, ते या मशीनने वाचवलं. आपल्या बीसी सख्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन पैसे देतात, ते याच मशीनवर. पण त्या लाल दिव्याखाली अंगठा ठेवला की पुढे काय होतं, हे ठाऊक नसलं तर आपण पुन्हा जुन्याच कागदावर अंगठा लावतोय असं समजा.

हे लिहायला बसायचं कारण आमच्याच ग्रामसंघातल्या एका ताईचं आहे. नाव लिहीत नाही, तिने तसं सांगितलंय. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवे होते म्हणून ती बाजाराच्या गावी एका केंद्रावर गेली. दोन हजार काढायचे होते. अंगठा लावला, चालक म्हणाला, "मावशी, सर्व्हर डाऊन आहे, परत लावा." परत लावला. पुन्हा काही झालं नाही म्हणे. तिसऱ्यांदा लावल्यावर दोन हजार हातात मिळाले. गर्दी होती, पावती मागितली नाही. मेसेज तिच्या फोनवर येतच नाही, कारण बँकेत नंबर मुलाचा आहे आणि मुलगा चाकणला कंपनीत. त्याला मेसेज गेले होते. आईने दोनदा पैसे काढले असतील असं त्याला वाटलं, त्याने विचारलं नाही. दोन महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा एकाच दिवशी दोन-दोन हजारांच्या दोन नोंदी दिसल्या. बँक म्हणते, दोन्ही व्यवहार तुमच्याच अंगठ्याने पूर्ण झालेत. चालक म्हणतो, मी दिले असतील, आता आठवत नाही. तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

यात चोरी झाली की मशीनचा घोळ झाला, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण त्या दिवशी तीन गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या तर दोन महिने थांबायची वेळ आली नसती. त्या तीन गोष्टी कुठल्या ते समजायला आधी मशीनचं काम समजून घेऊ.

अंगठा कुठून कुठे जातो

आपण ज्याला थंब मशीन म्हणतो ती खरं तर नुसती ठसा टिपणारी डबी. ती वायरने मोबाईलला किंवा कॉम्प्युटरला जोडलेली असते, किंवा सगळं एकाच हातातल्या मशीनमध्ये असतं. पैसे त्या मशीनमध्ये नसतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण बऱ्याच जणींना वाटतं की ते छोटं एटीएमच आहे. पैसे चालकाच्या गल्ल्यातून मिळतात. आपल्या खात्यातून रक्कम वळती होते ती चालकाच्या खात्यात, आणि तेवढी रोकड तो आपल्याला हातात देतो. म्हणजे खात्यातून पैसे जाणं आणि हातात पैसे पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मशीन करतं, दुसरी माणूस करतो.

आता मधला प्रवास. चालक आपला आधार नंबर टाकतो, बँक निवडतो, रक्कम टाकतो, मग अंगठा मागतो. ठसा कुलूपबंद होऊन चालकाच्या बँकेकडे जातो. तिथून एनपीसीआय या संस्थेकडे. अशा व्यवहारांची बँकांमधली ये-जा हीच संस्था सांभाळते, यूपीआयसुद्धा तिचंच. तिथून आधारच्या मुख्य यंत्रणेला विचारलं जातं की हा ठसा या आधार नंबरच्या माणसाचा आहे का. उत्तर फक्त हो किंवा नाही. हो आलं की आपल्या बँकेला निरोप जातो, बँक खात्यातून रक्कम कमी करते, आणि तोच निरोप उलट वाटेने चालकाच्या स्क्रीनवर येतो. हे सगळं काही सेकंदांत.

यात पिन नाही. ओटीपीही नाही. एटीएमला कार्ड आणि पिन दोन्ही लागतात. इथे आधार नंबर आणि अंगठा, बस. आधार नंबर तर आपण झेरॉक्स काढून गावभर वाटलेला असतो. म्हणजे सगळी राखण एकट्या अंगठ्यावर.

रेंज गेली तर काय होतं ते यावरून कळेल. जाताना निरोप अडकला तर काहीच होत नाही, पुन्हा लावला तरी चालतं. पण आपल्या बँकेने रक्कम कापली आणि परत येणारा निरोप वाटेत अडकला, तर चालकाच्या स्क्रीनवर "फेल" दिसतं आणि आपले पैसे मात्र गेलेले असतात. चालक खोटं बोलत नसतो, त्यालाही तेच दिसत असतं. अशा वेळी घाईने परत अंगठा लावला तर दुसऱ्यांदा कट होतात. म्हणून "परत लावा" म्हटल्यावर आधी विचारायचं: "पहिला व्यवहार फेल झाला का पेंडिंग आहे? स्क्रीन दाखवा." आणि पुन्हा काढण्याआधी बॅलन्स बघायला सांगायचं. बॅलन्स बघायलाही अंगठाच लागतो, पण त्यात पैसे जात नाहीत.

असे मधेच लटकलेले पैसे परत मिळण्याचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली ठरवून दिलंय की खात्यातून रक्कम गेली आणि व्यवहार पूर्ण झाला नाही, तर बँकेने ५ दिवसांच्या आत ती आपणहून परत जमा करायची. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. अर्ज न करताही. हा नियम शाखेत अनेकांना माहीत नसतो असा माझा अनुभव आहे, म्हणून बोलताना "टर्न अराउंड टाइमचा नियम" असं म्हणा, लगेच समोरचा माणूस सरळ बसतो.

पण आमच्या ताईच्या बाबतीत हा नियम लागला नाही, कारण बँकेच्या दफ्तरी दोन्ही व्यवहार पूर्ण दिसतात. पैसे चालकापर्यंत पोचले, तिच्यापर्यंत नाहीत. तिथे लागते पावती. पावतीवर वेळ, रक्कम आणि एक लांबलचक नंबर असतो. हा व्यवहाराचा नंबर हातात असला की भांडायला आधार असतो. मशीनमध्ये कागद नसेल तर वहीत लिहून घ्या, नाहीतर स्क्रीनचा फोटो काढा. केंद्रचालकाला प्रत्येक व्यवहारामागे बँकेकडून कमिशन मिळतं, तेव्हा पावती मागणं म्हणजे त्याच्यावर उपकार मागणं नव्हे. आणि हजारामागे वीस रुपये वेगळे हातात घेत असेल तर तेही विचारा, कशाचे म्हणून.

ठसे का उमटत नाहीत

याबद्दल सगळ्या बैठकांत तक्रार येते. रेशन दुकानात दहा-दहा वेळा अंगठा लावायचा आणि मागच्या बायांनी सुस्कारे सोडायचे. यात आपला दोष नाही. ऊस तोडून, कांदा काटून, सारवून, भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीन त्या रेषाच वाचतं. वय वाढलं की कातडीही कोरडी पडते, हिवाळ्यात जास्तच.

अंगठ्याचाच हट्ट धरायचं कारण नाही. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, कुठलंही बोट चालतं. डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी पुष्कळदा लगेच लागते, कारण ती कामात कमी झिजते. हात धुऊन पुसून, खूप कोरडा असेल तर जरासं तेल लावून पुसून मग ठेवा. मशीनची काचही पुसायला सांगा, तिच्यावर मागच्या वीस जणांचा घाम असतो. हे करूनही दरवेळी अडचण येत असेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्यावेत. काही ठिकाणी आता डोळ्याची बाहुली किंवा चेहरा दाखवूनही ओळख पटवतात, तेही विचारायला हरकत नाही. ठसे उमटले नाहीत म्हणून रेशन नाकारणं योग्य नाही. अशा वेळी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावं अशा सरकारी सूचना आहेत. दुकानदाराने परत पाठवलं तर एकटीने वाद घालू नका, ग्रामसंघाचं पत्र घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात जा.

नंबर कुणाचा?

माझ्या मते खरं दुखणं मशीनमध्ये नाही, या प्रश्नात आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात देशातल्या साधारण ५४ टक्के बायांनी सांगितलं की स्वतः वापरते असा मोबाईल माझ्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढलेच. पण घरात फोन असणं आणि खात्याला आपला नंबर असणं यात मोठं अंतर आहे. आमच्या प्रभागात आम्ही एका गटाच्या बैठकीत सहज विचारलं, बँकेत नंबर कुणाचा दिलाय? अकरा जणींपैकी चौघींचा स्वतःचा. बाकी नवऱ्याचा, मुलाचा, एकीचा दिराचा, आणि एकीचा खातं उघडून देणाऱ्या एजंटचा! दोघींना तर माहीतच नव्हतं.

यात नवरा किंवा मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पैसे तुमचे आणि खबर दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. पैसे आले की घरात आधी त्याला कळतं. पैसे गेले तर तुम्हाला कळतच नाही. जिच्या नंबरवर ओटीपी येतो तिचंच खातं, असं आता धरून चाला.

"मला स्मार्टफोन येत नाही" हे कारण यात बसत नाही. मेसेज बटणाच्या फोनवरही येतो. आणि वाचता येत नसला तरी टण् वाजलं की कुणाला तरी दाखवता येतो. सिम मात्र स्वतःच्या नावाचं हवं आणि चालू हवं. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर निदान ९० दिवसांनंतर तोच नंबर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाला जाऊ लागतात. सिम सोडलं तर आधी बँकेत नंबर बदला.

इथे आणखी एक घोटाळा होतो. बँकेतला नंबर आणि आधारचा नंबर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीकडे बदलला म्हणजे दुसरीकडे आपोआप बदलत नाही. बँकेतला शाखेत फॉर्म भरून बदलतो, आधारचा आधार केंद्रावर किंवा पोस्टमनकडून. दोन्ही ठिकाणी एकच आणि स्वतःचाच नंबर असू द्या.

योजनेचे पैसे कुठे जातात

लाडकी बहीणचे पैसे आले नाहीत म्हणून जितक्या बाया आमच्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचे पैसे आलेले होते. फक्त दुसऱ्याच खात्यात.

असं का होतं? थेट लाभाचे पैसे खाते नंबर बघून नाही, आधार नंबर बघून पाठवतात. कुठल्या आधारला कुठली बँक, याची एक यादी एनपीसीआयकडे असते. तिच्यात एका आधारसमोर एकच बँक असते, आणि ती म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेली. गावात कॅम्प लागला, कुणीतरी शून्य शिलकीचं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, तर त्या वेळी तुमचं आधार त्या नव्या बँकेला जोडलं गेलेलं असू शकतं. जुन्या खात्याचं पासबुक भरत बसलात तर पैसे दिसणार नाहीत.

हे तपासता येतं. माय आधार या संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून "बँक सीडिंग स्टेटस" बघायचं. तिथे बँकेचं नाव दिसतं. बदलून हवं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथल्या शाखेत आधार सीडिंगचा अर्ज द्यायचा. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. म्हणजे फिरून पुन्हा मघाच्याच प्रश्नावर, नंबर कुणाचा?

ठशांची चोरी

अंगठा चोरता येतो का? येतो. तेलंगणात २०१८ साली एकाने जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे लोकांचे ठसे उतरवून त्यांचे रबरी नमुने बनवले होते आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली होती. पुढे अशाच नकली ठशांनी खात्यातले पैसे काढल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत आली. २०२३ मध्ये आधारच्या यंत्रणेने ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे ओळखणारी नवी तपासणी सुरू केली. त्यामुळे ते अवघड झालं.

पण आपल्या गावात रबराचा अंगठा करायची कुणाला गरजच पडत नाही, कारण खरा अंगठा आपण स्वतःहून देतो. "ताई, केवायसी करायची आहे," "गॅसची सबसिडी चालू करतो," "फक्त बॅलन्स बघतो." लाल दिवा सगळ्याला सारखाच लागतो. स्क्रीनवर मात्र वेगळं लिहिलेलं असतं, रोख काढणे की शिल्लक बघणे, आणि काढायचे असतील तर किती. म्हणून अंगठा ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगायची. वाचता येत नसलं तरी आकडे तर आपल्याला कळतात! बॅलन्स बघताना रकमेच्या जागी आकडा असायचं कारणच नाही. ओळख नसलेला माणूस दारात मशीन घेऊन आला तर अंगठा द्यायचा नाही. आपली बीसी सखी आहे तिच्याकडे जा.

ज्यांना या मशीनवरून पैसे काढायचेच नसतात, त्यांना बायोमेट्रिक लॉक करता येतं. एम-आधार ॲपवरून होतं, आधारला मोबाईल जोडलेला लागतो. लॉक असलं की कुणीही तुमच्या ठशाने काही करू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही, रेशनचा अंगठाही लागणार नाही. गरजेच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडून घ्यावं लागतं. म्हणून रोज रेशनच्या रांगेत उभं राहणाऱ्या बाईला मी हा सल्ला सरसकट देणार नाही. जिला ॲप नीट चालवता येतं तिने जरूर करावं. लॉकबद्दल किंवा आधारबद्दल काहीही विचारायचं तर १९४७ हा नंबर, मराठीत बोलतात.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३०. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार, आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक आपली नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुणी पैसे काढले असतील, तर ३ कामाच्या दिवसांत कळवलं की आपल्यावर काहीच बोजा येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आमची ताई दोन महिन्यांनी गेली होती, हे लक्षात घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते. फी नाही, वकील नाही. माहितीचा नंबर १४४४८. त्या ताईचा अर्ज आता तिथेच गेलाय.

गटाच्या खात्याचंही एक सांगून थांबते. बीसी सखीकडे गटाच्या खात्यातून व्यवहार करायचा तर एकीच्या अंगठ्यावर होत नाही, दोन पदाधिकाऱ्यांचे ठसे लागतात. ही सोय आपण गावोगावी मागून घ्यावी अशीच आहे. एकीने केंद्रावर जाऊन दुसरीला "तू फक्त अंगठा लावून ये" म्हणायचं, असं मात्र नको. दोघींनी रक्कम बघायची, दोघींनी पावतीवर सही करायची आणि ती पावती त्याच आठवड्याच्या बैठकीत वहीला चिकटवायची.

पुढच्या मासिक बैठकीला येताना पासबुक, आधार आणि ज्याच्या नंबरवर मेसेज येतात तो फोन घेऊन या. फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर त्या एका दिवसापुरता मागून आणा. बीसी सखी थांबणार आहे, प्रत्येकीचं सीडिंग स्टेटस तिथेच बघू आणि नंबर बदलायचे फॉर्म भरून घेऊ. आमच्या प्रभागात हे दोन गटांत झालंय, बाकीच्या गटांनी तारीख कळवावी.